जयवंत खुळा नव्हता

मी लग्न होऊन भांडुपला आले तेव्हा जयवंत घाडी पंचविशीतला, सडपातळ, केसांचा नीट भांग पाडणारा तरुण होता. टेकडीच्या चढावर आमची बैठी चाळ होती आणि घाड्यांची खोली आमच्यापासून दोन दारं सोडून. त्याचे वडील लवू घाडी गिरणीतून खोकला घेऊन घरी बसले आणि वर्षभरात गेले, ते मी यायच्या आधीच. मागे आई जानकी, थोरली बहीण सुगंधा आणि जयवंत. सुगंधा आग्रा रोडवरच्या एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. जयवंत खालच्या एका गाळ्यात पंख्याच्या मोटारींचं वाइंडिंग करायचा. तांब्याची बारीक तार, वेढ्याला लागून वेढा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. गाळ्याचा शेठ त्याच्यावर खूश असे, कारण हा गप्पा मारायला उठत नसे.

वागायला तो जरा वेगळा होताच. बोलताना आपल्या खांद्याकडे बघायचा. ‘काय रे, जेवलास का?’ असं कुणी जाता जाता विचारलं, तर थांबून काय काय जेवला ते सगळं सांगायचा. मग पुढे काय बोलायचं ते न कळून तसाच उभा राहायचा. त्याचे दोनच शर्ट होते, धुऊन धुऊन विरलेले. नवा कपडा अंगाला लागला की त्याला बेचैन व्हायचं. मोठ्या आवाजाचं तर भयच. दिवाळीत तो सकाळीच वर डोंगरात निघून जायचा आणि फटाके संपल्यावर परत यायचा. चाळीतले लोक त्याला घुमा म्हणत, एकमार्गी म्हणत. वेडा तोवर कुणी म्हणालं नव्हतं.

पंचाहत्तरच्या मे महिन्यात त्याचं लग्न झालं. मुलगी गावाकडच्याच ओळखीतली, कुंदा. वय वीस, अखंड बडबड करणारी. जानकीकाकींना वाटलं, अशी बोलकी सून आली की घराला आवाज येईल, आणि तसंच झालं. नळावर कुंदा माझ्या पुढे-मागे नंबर लावायची. मी एकदा तिला विचारलं, नवरा बोलत नाही तर करमतं कसं. ती म्हणाली, ते बोलत नाहीत, पण मी बोलते ते सगळं ऐकतात. मी मागच्या महिन्यात काय बोलले ते मीच विसरते, त्यांच्या लक्षात असतं.

मला मोसंबी आवडतात, असं ती कधीतरी म्हणून गेली होती. त्या दिवसापासून जयवंत रोज कामावरून येताना एक मोसंबं आणायचा. मोसंबीचा हंगाम संपत आला, भाव चढला, तरी आणायचा. कुंदा हसून हसून बेजार व्हायची. अर्धं मला आणून द्यायची. मागून हात लावलेला त्याला सहन होत नाही, आधी हाक मारावी लागते, हेही तिनं महिन्याभरात ओळखलं होतं. शिकवलं कुणीच नव्हतं. मला वाटतं, ती दोघं आपली आपण सुखी होती.

पुढच्या सव्वीस जानेवारीला चाळीची सत्यनारायणाची पूजा होती. दरवर्षी मंडप खालच्या अंगाला असायचा. त्या वर्षी तिथं नळाच्या पाइपासाठी खोदकाम चाललं होतं, म्हणून तो वर, घाड्यांच्या खोलीसमोर घातला. कर्णा त्यांच्या खिडकीशेजारच्या खांबाला बांधला. पूजेच्या आदल्या दिवसापासून गाणी सुरू झाली. जयवंतनं मंडळाच्या धोंडिरामला दोनदा सांगितलं, आवाज कमी कर. धोंडिराम वाईट माणूस नव्हता, पण उत्साहात होता. हो हो म्हणाला आणि विसरला. त्या दिवशी सगळ्यांनाच सुट्टी, पायऱ्यापायऱ्यांवर माणसं बसलेली. त्यांतून वाट काढून डोंगराकडे जायला जयवंतला जमलं नाही. दुपारी त्यानं कर्ण्याची वायर तोडली. पोरांनी शिव्या देत ती जोडली आणि आवाज आणखी वाढवला.

मग आतून धप धप ऐकू यायला लागलं. जयवंत भिंतीवर डोकं आपटत होता. कुंदा घाबरली, हाक मारायचं विसरली आणि मागून जाऊन तिनं त्याला मिठी मारली. त्यानं तिला झिडकारलं. ती चुलीच्या ओट्यावर आपटली. जानकीकाकींनी आरडाओरडा केला तशी चार-पाच माणसं आत शिरली आणि त्यांनी त्याला खाली दाबला. जितकं दाबावं तितका तो सुटायला बघायचा. एकाच्या हाताला तो कडकडून चावला. शेवटी धोतरानं हातपाय बांधून त्याला टॅक्सीत घातला. बाहेर प्रसाद वाटत होते. त्याच्या कपाळावरून रक्त येत होतं आणि तो एकच वाक्य परत परत म्हणत होता, ‘आवाज बंद करा, आवाज बंद करा.’

वेड्यांच्या इस्पितळात त्याला दोन महिने ठेवला. डोक्याला शॉक दिले. स्किझोफ्रेनिया असं नाव सांगितलं, आणि गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील असंही. तो तिथं असतानाच कुंदाचे वडील नंदकुमार राणे आले आणि मुलीला घेऊन गेले. मुलगा खुळा आहे हे तुम्ही लपवलंत, असं ते जानकीकाकींना दारात उभं राहून म्हणाले. काकींनी काहीही लपवलं नव्हतं. पण आता इस्पितळच म्हणत होतं, तर त्या काय म्हणणार? कुंदा खाली मान घालून टेकडी उतरली. पुढे वकिलामार्फत कागद आले, आणि ते लग्न संपलं.

जयवंत परत आला तो वेगळाच माणूस होता. गोळ्यांनी अंग सुजलं. दिवसाचे दोन दोन प्रहर झोपून राहायचा. हात थरथरायला लागले, आणि त्या हातात तांब्याची तार धरणं शक्य नव्हतं. काम गेलं. काही वर्षांनी जीभ आपोआप तोंडाबाहेर यायला लागली, जबडा सतत चघळल्यासारखा हलायचा. पोरं त्याची नक्कल करायची. त्याला बघून कुणालाही वेडाच वाटला असता, आणि ते रूप त्याला गोळ्यांनी दिलं होतं, हे आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं.

जानकीकाकींनी गावच्या देवाला गाऱ्हाणी घातली, नवस बोलल्या, देवस्की करणाऱ्या भगतांकडे कोंबडे दिले. कुठल्या जन्मीचं पाप म्हणून हे पोर असं झालं, हा एकच प्रश्न करत त्या त्र्याऐंशी साली गेल्या. सुगंधासाठी मुलुंडचं एक स्थळ आलं होतं. माणूस चांगला होता, पोस्टात नोकरीला. चौकशीत भाऊ वेडा असल्याचं कळलं आणि ते परत फिरकले नाहीत. नंतर तिनंच तो विषय बंद केला. कारखाना, घर आणि भावाच्या गोळ्या, एवढंच तिचं आयुष्य उरलं.

अठ्ठ्याऐंशी साली घाटकोपरच्या बाजूच्या म्युनिसिपालिटीच्या एका इस्पितळात नवीन डॉक्टरीणबाई आल्या. डॉक्टर वसुधा बर्वे. तीन-चार वर्षं विलायतेत शिकून आलेल्या. सुगंधा नेहमीप्रमाणे गोळ्या लिहून घ्यायला भावाला तिथं घेऊन गेली. बाईंनी जुना कागद वाचला, जयवंतकडे बघितलं आणि विचारलं, ‘हा लहानपणी कसा होता?’

सुगंधा मला म्हणाली, बारा वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं गं. मग आठवत गेलं तसं ती सांगत गेली. चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नाही. बोलायला लागला तेव्हा आपण म्हणू तेच परत म्हणायचा. आईनं कडेवर घेतलं की अंग ताठ करायचा. चिंचोके ओळीनं मांडायचा आणि एक जरी हलला तरी तासभर रडायचा. मास्तरांच्या डोळ्याला डोळा देत नाही म्हणून शाळेत रोज मार खायचा. बाईंनी त्या दोघांना पुन्हा बोलावलं, मग आणखी दोनदा. जयवंतशी त्या एकांतात बोलल्या. कानात कधी कुणी नसताना आवाज येतात का, कुणी मागावर आहे असं वाटतं का, सगळं विचारलं. त्याला असलं काही कधीच वाटलं नव्हतं. त्याला जो आवाज आला होता तो कर्ण्याचा होता. बाईंनी त्याला आपल्या एका वयस्कर सरांनाही दाखवलं, आणि दोघांचं मत एक झालं तेव्हाच त्यांनी या भावंडांना समोर बसवलं.

त्या म्हणाल्या, ‘जयवंत, तुम्हाला वेड लागलेलं नाही. कधीच लागलं नव्हतं. तुमची घडण जन्मापासून वेगळी आहे. याला ऑटिझम म्हणतात.’

सुगंधानं विचारलं, हे आधीच्या डॉक्टरांना का नाही कळलं? बाई म्हणाल्या, ‘पुस्तकात हे लहान मुलांचं दुखणं म्हणून लिहिलेलं असतं. ती मुलं पुढे मोठी होतात, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.’ यावर औषध काय, असं तिनं विचारलं. औषध नाही, असं उत्तर मिळालं. मग बारा वर्षं दिलं ते कशावरचं औषध होतं, हे विचारायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. डॉक्टरीणबाईंचाच चेहरा उतरला होता. गोळ्या एकदम तोडता येणार नव्हत्या, हळूहळू कमी करायच्या होत्या. हाताची थरथर जाईल म्हणाल्या, तोंडाची हालचाल बहुतेक राहील.

सुगंधानं चाळीत सगळ्यांना सांगायचा प्रयत्न केला. ते नाव कुणाला नीट उच्चारता येईना. औषधच नाही म्हणजे हे तर आणखी वाईट, असं म्हणून बायका हळहळल्या. धोंडिराम मात्र सगळं ऐकून घेऊन बराच वेळ दारात बसून राहिला.

डॉक्टरीणबाईंकडून आल्यावर तिसऱ्या दिवशी सुगंधा भाकऱ्या थापत असताना जयवंत मागे येऊन उभा राहिला.

‘आक्का, मी खुळो नव्हतंय?’

‘नाय रे,’ ती म्हणाली. ‘नव्हतंस.’

‘मग कुंदाक कोणी सांगला?’

तिला कोण सांगणार, आणि आता कशाला? कुंदा दुसरं लग्न करून गोरेगावला राहत होती, तिला मुलं होती, एवढं नातेवाइकांकडून सुगंधाच्या कानावर आलं होतं. तिनं भावाला ते सांगितलं. तिला वाटलं, तो समजेल. पण दुसऱ्या दिवशी भाकऱ्यांच्या वेळेला तो परत आला आणि म्हणाला, कुंदाला सांगायला हवं. मग रोज. गोळ्या कमी होत गेल्या तसा तो जास्त जागा राहू लागला आणि ते वाक्य जास्त स्पष्ट म्हणू लागला. सुगंधा रागावली, रडली, तरी त्याचं म्हणणं बदललं नाही. त्याच्या दृष्टीनं ती गोष्ट सरळ होती. कुंदाला चुकीचं सांगितलं गेलं होतं, तर आता बरोबर सांगायला पाहिजे होतं.

शेवटी सुगंधा एकटी गोरेगावला गेली. कुंदानं दार उघडलं आणि ओळखलं. बाराएक वर्षांनी भेटत होती तरी तिच्या तोंडून ‘वन्सं’ अशीच हाक आली, मग ती थोडी ओशाळली. सुगंधानं येण्याचं कारण सांगितलं. कुंदा म्हणाली, आणा त्यांना. घरचे कामावर आणि मुलं शाळेत असतील अशा दुपारी आणा.

दोघं पवईवरून बसनं गेली. जयवंतनं वडिलांचा जुना कोट घातला होता. सुगंधानं काढ म्हटलं, त्यानं काढला नाही. कुंदाच्या घरात तो खुर्चीच्या टोकावर बसला, जबडा हलत होता, आणि नजर कुंदाच्या खांद्यावर. त्याचं ते तोंड पाहून कुंदानं पदर ओठांवर धरला. तिनं त्याला पाहिलं होतं तेव्हा तो देखणा होता.

जयवंतनं घरी पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली. प्रमाण भाषेत, शाळेतल्यासारखं.

‘मी वेडा नव्हतो. माझी घडण वेगळी आहे, तिला ऑटिझम म्हणतात. त्या दिवशी मला आवाज सहन झाला नाही. तू मागून धरलंस म्हणून मी ढकललं. मला तुला मारायचं नव्हतं. हे तुला कुणी सांगितलं नाही, म्हणून मी आलो.’

एवढं बोलून तो थांबला. त्याचं काम झालं होतं. सुगंधा सांगते, इतक्या वर्षांत त्याचे खांदे तिनं असे सैल पडलेले पाहिले नव्हते.

सुगंधाला वाटलं, आता कुंदा चहा टाकायला उठेल. ती उठली नाही. तिनं सुगंधाला हळूच विचारलं, ‘वन्सं, म्हणजे ते रक्तात उतरणारं वेड नव्हतं?’

सुगंधा म्हणाली, वेड नव्हतंच.

मग कुंदानं सांगितलं. टेकडी उतरली तेव्हा तिला दिवस गेलेले होते. तिसरा महिना लागत होता. पूजेनंतर सगळ्यांना सांगायचं असं तिनं ठरवलं होतं, जयवंतलासुद्धा सांगितलं नव्हतं. माहेरी आल्यावर आईला कळलं. वेड्याचं मूल वेडंच निघणार, असं वडील म्हणाले. ओळखीच्या डॉक्टरनंही इस्पितळाचं निदान ऐकून मान हलवली. तिला नको होतं, पण वीस वर्षांच्या पोरीला कोण विचारतो? आठवड्याभरात सगळं उरकून टाकलं. पुढच्या नवऱ्याला हे माहीत नव्हतं. आजवर कुणालाच माहीत नव्हतं.

‘मी मनाला समजावलं होतं,’ कुंदा म्हणाली. ‘झालं ते बऱ्यासाठी झालं, त्या जिवाचे हाल वाचले, असं. आता तुम्ही येऊन सांगताय, वेड नव्हतंच. मग मी काय समजू?’

जन्मापासूनची घडण म्हणजे ती मुलात उतरली असती की नसती, हे डॉक्टरीणबाईंनाही नक्की सांगता आलं नसतं. आणि उतरली असती तर काय झालं असतं? समोर बसला होता तसा एक माणूस झाला असता, रोज मोसंबं आणणारा.

जयवंत उठून उभा राहिला. कुंदा रडत होती. रडणाऱ्या माणसाजवळ काय करायचं असतं ते त्याला आयुष्यात कधी उमजलं नव्हतं. तो तिच्यापासून हातभर अंतरावर तसाच उभा राहिला. बऱ्याच वेळानं त्यानं तिला हाक मारली, ‘कुंदा.’ तिनं वर पाहिलं. मग त्यानं हात पुढे करून तिच्या मनगटाला बोटं लावली, आणि लगेच मागे घेतली. स्वतःहून कुणाला हात लावताना सुगंधानं त्याला ना पूर्वी पाहिलं, ना नंतर.

घरी आल्यावर तो भिंतीकडे तोंड करून पडला. चार दिवस जेवला नाही. सुगंधानं कामावर रजा टाकली. मी पेज करून नेली, ती तशीच गार झाली. पाचव्या दिवशी संध्याकाळी, भाकऱ्यांच्या वेळेला, तो उठून तिच्या मागे येऊन उभा राहिला.

‘आक्का, झील होतो की चेडू?’

मुलगा की मुलगी. तिसऱ्या महिन्यात ते कुणाला कळतं? सुगंधा म्हणाली, ‘माका ठावक नाय रे.’ दुसऱ्या दिवशी त्यानं तेच विचारलं, त्याच्या पुढच्या दिवशी तेच. कितीतरी महिने हे चाललं. तिनं एकदाही रागावून उत्तर दिलं नाही. एकदा मात्र ती माझ्याकडे येऊन पायरीवर बसली आणि म्हणाली, त्याला वाटतं, नीट चौकशी केली तर कुठून तरी उत्तर मिळेल. खुळा नाही हे नाही का मिळालं, बारा वर्षांनी?

कुंदाचा निरोप एकदाच आला, तिच्या मावसबहिणीकडून. पुन्हा येऊ नका, असं तिनं कळवलं होतं. आणि गोळ्या पुरत्या बंद झाल्या का, असं विचारलं होतं.

गोळ्या बंद झाल्या होत्या. हाताची थरथर पुष्कळ कमी झाली, पण वाइंडिंगच्या कामाइतकी नाही. गाळ्याच्या शेठनं त्याला झाडलोट आणि माल रचायला ठेवून घेतलं. वर्षभरात डॉक्टरीणबाई बदलून दुसरीकडे गेल्या. त्यांच्या जागी आलेल्या तरुण डॉक्टरनं जाडजूड जुने कागद चाळले आणि म्हणाला, एवढ्या मोठ्या माणसाला ऑटिझम कुठला? हा जुना मनोरुग्ण आहे, गोळ्या बंद का केल्या? तो नवीन चिठ्ठी लिहायला लागला. सुगंधा काही बोलायच्या आतच जयवंतनं ती चिठ्ठी हातानं झाकली.

‘मला नको,’ तो डॉक्टरच्या खांद्याकडे बघत म्हणाला. ‘मला गोळ्यांमुळे तार धरता येत नाही.’

डॉक्टरनं सुगंधाकडे पाहिलं. ती म्हणाली, त्याला नको म्हणतोय ना, मग नको. दोघं उठून बाहेर आली. त्या इस्पितळात ती पुन्हा गेली नाहीत.

अजून चाळीत नवीन आलेलं कुणी त्याला वेडा म्हणतं, तेव्हा सुगंधा दारातूनच सांगते, तो वेडा नाही हो. तिचे केस आता पिकलेत. संध्याकाळी जयवंत कामावरून येतो, हातपाय धुतो आणि भाकऱ्या होईपर्यंत तिच्या मागे उभा राहतो. झील की चेडू, हे त्यानं विचारणं कधी थांबवलं, ते तिला नेमकं आठवत नाही. ती मला एवढंच म्हणाली, विचारत नाही, पण उभा तिथंच असतो.